चाळीतल्या किल्ल्यावरची फौज

इसवी सन १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि साष्टीच्या खाडीपलीकडे भगवा दिसू लागला, तेव्हा मुंबईच्या कोटात राहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पोटात असा काही गोळा उठला की एरवी दमडीदमडीचा हिशेब मागणाऱ्या त्या मंडळींनी कोटाभोवती खंदक खणण्यासाठी ३० हजार रुपयांची वर्गणी आपण होऊन कंपनी सरकारच्या पदरात घातली. तो खंदक पुढे सव्वाशे वर्षे कोणाही मराठ्याची वाट पाहत पडून राहिला. आणि १८६२ नंतर, सर बार्टल फ्रिअर यांच्या गव्हर्नरीच्या काळात, कोटाचे तट पाडण्याचे काम निघाले तेव्हा त्याच तटांबरोबर तोही गडप झाला. आज ज्या भागाला आपण फोर्ट म्हणतो तेथे कोट औषधालाही उरलेला नाही. परंतु त्या कोटाबाहेरील मैदान ओलांडून उत्तरेस गेले की गिरगाव लागते, आणि ज्यांच्या भयाने तो खंदक खणला त्यांचे तट, बुरूज आणि बालेकिल्ले तेथील वाड्या-चाळींतून दरवर्षी आश्विनात उभे राहतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत नांदतात. हे किल्ले मातीचे; त्यांवरील फौजही मातीची. या फौजेची हकिकत कोणत्याही बखरीत आलेली नाही आणि कोणत्याही दप्तरखान्यात तिचा हजेरीपट नाही. म्हणूनच ती लिहावीशी वाटते.

दिवाळीत किल्ला करण्याची चाल गिरगावची नव्हे, ती साऱ्या महाराष्ट्राची. पुण्याच्या वाड्यांतून, कोल्हापूर-साताऱ्याच्या पेठांतून आणि देशावरील लहानमोठ्या गावांतून मुलांना परसात उतरले की हवी तेवढी माती मिळे. गिरगावात नेमका मातीचाच दुष्काळ. खोताची वाडी, फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी, झावबावाडी ही नावे वाड्यांची आणि भाटांची असली, तरी चाळी उभ्या राहिल्यावर त्या वाड्यांच्या वाट्याला फरशीचे चौक आणि दोन इमारतींमधील चिंचोळी बोळकंडीच उरली. तेव्हा किल्ल्याचा डोंगर विटांच्या तुकड्यांचा, दगडधोंड्यांचा, कोळशाच्या खंगराचा आणि फुटक्या खोक्यांचा. त्यावर पाण्यात भिजवलेले बारदान. आणि त्या बारदानावर, कोठून तरी पिशव्या भरून आणलेल्या तांबड्या मातीचा जेमतेम दोन बोटांचा थर. उतारावर अळीव आणि मोहरी पेरावयाची, तटाला गेरूचा हात द्यावयाचा, आणि एखादे फुटके बशीचे बूड पुरून तळे करावयाचे, एवढे झाले की गड बांधून पुरा झाला. जागेच्या टंचाईने एक गुण मात्र या किल्ल्यांना आला: ते पसरण्याऐवजी उंच वाढले, आणि त्यामुळे पुणेरी किल्ल्यांहून ते सह्याद्रीच्या अधिक जवळ गेले, असे माझे मत आहे. पुणेकरांना ते मान्य होण्याचा संभव नाही.

गड झाला तरी तो ओस. त्यावर वस्ती यावयाची ती ‘चित्रां’ची. किल्ल्यावर मांडावयाच्या मातीच्या आकृतींना मराठी घरांत चित्रे असेच म्हणतात, आणि ती करणारे कारागीर बहुधा गणपतीच्या कारखान्यांतले. श्रावण-भाद्रपदात गणपती, मग गौरी, मग नवरात्रातील देवी असा या कारखान्यांचा वार्षिक क्रम. तो उरकला की आश्विनाच्या उन्हात हात रिकामे आणि शाडूचे उरलेले गोळे ओल्या फडक्यात गुंडाळलेले. या उरलेल्या मातीतून आणि उरलेल्या वेळातून मावळ्यांची पलटण उभी राहत असे. लालबाग-परळच्या भव्य मूर्तींची कीर्ती सर्वत्र आहे; पण त्याच कलेचे हे वीतभरसुद्धा नसलेले अपत्य कोणी फारसे लक्षात घेतलेले नाही.

त्याची कृती पाहण्यासारखी आहे. साचा दोन पाळ्यांचा, एक छातीकडील व दुसरी पाठीकडील. शाडू लोण्यासारखी मळून दोन्ही पाळ्यांत अंगठ्याने दाबून बसवावयाची, कडांना पातळ मातीचे पाणी लावून पाळ्या एकमेकींवर मिटावयाच्या, आणि क्षणभराने साचा उघडला की दोन्ही कुशींवर जोडाची रेघ घेऊन शिपाई बाहेर येतो. ती रेघ कोरणीने खरडून ओल्या बोटाने पुसावयाची. जो कारागीर ही पायरी टाळतो त्याच्या मावळ्याच्या कानापासून घोट्यापर्यंत वरंबा राहतो आणि कितीही रंग चढवला तरी तो लपत नाही. भाला मातीचा केला तर टिकत नाही, म्हणून मूठ बंद करून तीत आरपार भोक ठेवावयाचे आणि वाळल्यावर बांबूची काडी किंवा तार बसवावयाची. घोडा तर सर्वांत अवघड, कारण चार बारीक पायांवर घोडा आणि स्वार दोघांचा भार शाडू पेलत नाही. तेव्हा पोटाखाली मातीचा एक खांब ठेवून त्याला झुडपासारखा हिरवा रंग देत, आणि पाहणाऱ्यानेही ते झुडूपच समजावे असा उभयपक्षी करार असे. शाडू भाजत नाहीत. ती सावलीत वाळते आणि जन्मभर पाण्याला भीत राहते. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचे अस्तर, त्यावर अंगाचा रंग, मग कपड्यांचा, मग गेरू, पिवडी, हिंगूळ आणि नीळ यांच्या रेघा; सरसाचे किंवा डिंकाचे प्रमाण चुकले तर रंग बोटाला लागावयाचा किंवा पापुद्रे सुटावयाचे. डोळे सर्वांत शेवटी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुख्य मूर्तिकाराकडे असते. मावळ्याच्या वाट्याला तो मान कोठून? त्याचे डोळे घरातील बायकापोरे काजळीच्या दोन टिंबांत उरकीत, आणि त्यामुळेच दुकानातील फळीवर ओळीने मांडलेल्या मावळ्यांतील एक रागावलेला, एक भेदरलेला आणि एक झोपेतून नुकता उठलेला दिसे.

आता या फौजेची हजेरी घेऊ. सर्वांत वर सिंहासनस्थ शिवछत्रपती, त्यांच्या दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, दरवाजावर ढाल-तलवारीचे पहारेकरी, बुरुजावर तोफ आणि गोलंदाज, तुतारीवाला, घोडेस्वार, अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग घेतला असल्यास खान, जो नेहमी महाराजांच्या दुप्पट, आणि गडाच्या पायथ्याशी बैलजोडी हाकणारा शेतकरी, भाजीवाली, वासुदेव, पाणी भरणाऱ्या बायका आणि आखाड्यातील पहिलवान. यादी भरघोस आहे. पण तीत कोण नाही हे पाहू लागले की मौज वाटते. शिवकालीन गडाचा कारभार हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यावर चाले. त्यांत सबनिसाकडे हजेरी आणि दप्तर, तर कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि साहित्याचा जमाखर्च. लेखणीवाचून तलवारीला एक दिवसही अन्न मिळत नव्हते, आणि म्हणून महाराजांनी हे लेखणीचे अधिकारी गडोगडी नेमले. असे असून चित्रांच्या दुकानात सबनीस कोणी कधी विकलेला नाही. ज्या गिरगावात घरटी एक कारकून, ज्याच्या चाळींतून सकाळी नवाच्या सुमारास सचिवालयाकडे, पेढ्यांकडे आणि ब्यांकांकडे माणसांचे लोंढे निघत, त्या गिरगावातील किल्ल्यावर कारकून असू नये! दिवसभर खतावण्या लिहून आलेल्या बापाने मुलाच्या गडावर मात्र लेखणीला थारा दिला नाही, यातला भाव समजण्यासारखा आहे.

१८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याच साली लंडनमध्ये विल्यम ब्रिटन या खेळणी करणाऱ्या कारागिराने शिशाचे शिपाई पोकळ ओतण्याची युक्ती काढली. साच्यात ओतलेले शिसे बाहेरून थिजताच आतील पातळ धातू ओतून टाकावयाचा, म्हणजे शिपाई हलका आणि स्वस्त. त्यापूर्वी ही बाजारपेठ जर्मनांच्या हाती होती. ब्रिटनच्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर ठरली आणि पुढे जगभर तेच या छंदाचे एक प्रमाण मानले गेले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही; परंतु त्या शेजारी ठेवल्या की दोन परंपरांतील भेद स्पष्ट होतो. ब्रिटनचा शिपाई आधी पलटणीचा असतो आणि मग माणूस. त्याच्या डगल्याचा रंग, कॉलरची पट्टी, टोपीवरील तुरा हे सर्व त्या त्या पलटणीच्या गणवेशाशी ताडून रंगवलेले. त्याच्या मालेत ‘बॉम्बे लान्सर्स’ आणि मुंबई इलाख्याची देशी पायदळ पलटणसुद्धा होती. विलायतेतील पोर त्या शिपायांना गालिच्यावर ओळीने उभे करी. त्यांना किल्ला लागत नसे. एच. जी. वेल्स या विख्यात लेखकाने १९१३ साली या खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. आमच्या मावळ्याला पलटण नाही आणि ओळही नाही. त्याला जागा आहे. दरवाजावरचा तो दरवाजावरचा, बुरुजावरचा तो बुरुजावरचा; गडावाचून त्याला अर्थ नाही, आणि म्हणून आमच्याकडे मूल आधी गड बांधते आणि मग शिपाई आणते.

मावळ्याला गणवेश नव्हता हे इतिहासालाही धरून आहे. कवायती कंपू, एका रंगाचे डगले आणि तालावर पडणारी पावले ही उत्तर पेशवाईची आणि महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन्यची देणगी. शिवकाळातील शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पायदळाचा पोशाख म्हणजे जे अंगावर असेल ते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात मावळ्याचे वर्णन दिले आहे: मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारा चोळणा, कमरेला आवळून बांधलेला लांब पट्टा, डोकीला पागोटे, आणि कधीमधी अंगात सुती बंडी. आता दुकानातील मावळा पाहावा. गुडघ्याखाली घोळदार अंगरखा, लालभडक पागोटे, जरीचा म्हणून पिवळा काठ, पायांत टोकदार मोजडी! हा पोशाख मावळ खोऱ्यातून आलेला नाही. तो ऐतिहासिक नाटकांच्या पेटीतून, १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळेच्या रंगीत चित्रांतून, १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रांनी लावलेल्या चवीतून, आणि पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’सारख्या बोलपटांतून आला. रंग लावणाऱ्या हाताला त्याचा दोष देता येत नाही. त्याच्यासमोर भिंतीवर जे टांगलेले असे तेच तो उतरवी.

प्रत्यक्ष महाराजांच्या मुखाची कथा याहून उद्बोधक आहे. कित्येक वर्षे शिवाजी महाराजांचे म्हणून पुस्तकांतून आणि घरांतून लावले जाणारे एक चित्र इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या ग्रंथातील समकालीन चित्र शोधून १९३३ साली ते पुण्यात लोकांपुढे ठेवले, आणि तेव्हापासून टोकदार नाक, पाणीदार डोळे आणि कोरीव दाढी ही मुद्रा मराठी मनात स्थिर झाली. मातीच्या चित्रांपर्यंत तो बदल पोहोचावयाचा म्हणजे नवा साचा हवा. आणि साचा ही कारागिराची पुंजी असते. नवी मुद्रा आली ती म्हणूनच आधी कुंचल्याने. जुन्या गोल चेहऱ्यावर बारीक दाढी रेखून काम भागवीत, आणि साचा झिजला की मगच नाक टोकदार होई. इतिहाससंशोधनाचा निकाल एखाद्या समाजात किती वेगाने झिरपतो हे मोजावयाचे असेल तर खेळण्यांच्या साच्यांइतके विश्वासू साधन मिळणार नाही.

ग्रँट डफच्या त्याच वर्णनात दुसऱ्या एका जातीच्या शिपायाचा उल्लेख आहे. तो हेटकरी. मावळे घाटमाथ्याचे आणि तलवारीचे. हेटकरी कोकणचे आणि बंदुकीचे, नेमबाजीत विशेष निपुण. गिरगावची वस्ती बहुतांशी रत्नागिरी-कुलाब्याकडून आलेली. म्हणजे ज्या पोरांनी गड बांधले त्यांच्या कुळांतून गडावर कोणी गेलेच असेल तर ते हेटकरी म्हणून जाण्याचा संभव अधिक. तथापि कोकणातल्या माणसांनी उभारलेल्या या किल्ल्यांवर घाटावरच्या मावळ्यांना मान मिळाला आणि हेटकऱ्याचा साचा कोणी घडवला नाही. मातीत बंदूक करणे अवघड, हे एक कारण. पण पोवाड्यांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी मावळ्यालाच उचलून धरले हे खरे कारण.

लोकांचे वेश मातीत हुबेहूब उतरविण्याची विद्या मुंबईत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. गिरगावापासून फार लांब नसलेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे, ज्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. तेथील कपाटांतून मुंबई इलाख्यातील नाना जातींची, व्यवसायांची आणि पागोट्यांची मातीची लहान चित्रे मांडलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाचीही व्यवस्था आली, आणि त्या काळात या संग्रहाला विशेष चालना मिळाली. एकेका पागोट्याचा पीळ वेगळा, एकेका धोतराची नेस वेगळी, आणि अंगाचे रंगही निरखून दिलेले. सरकारी नजरेने रयतेची केलेली ही वर्गवारी आहे हे खरे, आणि काचेमागे उभी राहिलेली ती माणसे काहीशी अवघडलेलीही दिसतात; पण काम अव्वल दर्जाचे. दिवाळीचे मावळे करणाऱ्यांनी भायखळ्याची एक खेप केली असती तर त्यांच्या पागोट्यांना पीळ आला असता. त्यांनी ती केली नाही, कारण दुकानावर येणाऱ्या पोराला पीळ नको होता, भगवा हवा होता.

प्रमाणाची गोष्ट तशीच. विलायती छंदात प्रमाण म्हणजे धर्म: एकास बत्तीस, एकास पस्तीस, एकास बहात्तर. चाळीतल्या किल्ल्यावर, खान सोडला तर, महाराज सर्वांत मोठे, कारण ते महाराज. मावळे त्यांच्या निम्मे. गवळण मावळ्याहून उंच, आणि वाघ दरवाजाहून मोठा. तरीही या बेबंदशाहीत एक शिस्त होती, आणि ती गडाच्या रचनेत उतरे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे सांगितले आहे त्यातील पुष्कळसे मुले न वाचताच करीत आली आहेत: आधी पाणी पाहावे, एकाच दरवाजावर विसंबू नये, चोरदिंडी ठेवावी, दारूखाना घरांपासून दूर असावा. शेवटच्या नियमाचे कारण तर चाळीत फारच प्रत्यक्ष होते. सुतळी बॉम्ब ठेवलेला बुरूज सिंहासनापासून लांब नसेल तर काय होते हे दरवर्षी कोणत्या तरी वाडीत दिसून येई.

शाडूची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतली ती निव्वळ घाईच्या जोरावर. जिप्सम सुमारे दीडशे अंशांवर भाजून केलेली ही पूड पाण्यात कालवून ओतली की घटकाभरात दगड होते. शाडूला वाळावयास दिवसचे दिवस लागतात. प्लास्टरचा मावळा हलका, एकसारखा आणि गुळगुळीत. त्याला मळणे नाही, अंगठ्याचा दाब नाही, आणि फवाऱ्याचा रंग त्यावर एका दमात बसतो. पण तो पडला की त्याचे मनगट जाते, आणि शाडूसारखे ते ओल्या मातीने जोडता येत नाही.

त्यानंतर आले प्लास्टिक. लंडनच्या एअरफिक्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात पॉलिस्टायरीनचे सुटे भाग पिशवीत घालून विकण्यास आरंभ केला. १९५३ साली तिचे स्पिटफायर विमान निघाले आणि १९५९ साली बोटाच्या पेराएवढ्या शिपायांचे संच आले. जपानच्या तामिया कंपनीने एकास पस्तीस या प्रमाणाचे रणगाडे आणि शिपाई लोकप्रिय केले. भाग काड्यांवरून कापावे, शिवणी घासाव्या, जोडावे, अस्तर द्यावे, छाया-प्रकाश काढीत रंगवावे, असा हा छंद. म्हणजे गणपतीच्या कारखान्यात होणारी पायरीन् पायरी, फक्त मातीवाचून. गिरगावच्या मुलांना मात्र त्याचा लाभ क्वचित झाला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे असल्या मालाच्या आयातीवर निर्बंध होते, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंवरील हे निर्बंध पुरते उठावयास २००१ साल उजाडले. तोवर बोटीवर नोकरीला असलेला एखादा मामा जे आणील ते. देशी प्लास्टिकचा शिपाई निराळा होता: हिरव्या रंगाचा, पायाखाली चपटी बैठक असलेला, हाती रायफल, पिशवीत डझनांनी मिळणारा आणि क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजारात पोरांच्या खिशाला परवडणारा. त्याला कोणी रंगवीत नसे. पण पोरांनी त्याला किल्ल्यावर भरती केला, आणि जाणत्यांनी ‘अरे, महाराजांच्या काळी असली बंदूक होती काय?’ म्हणून हटकले. मला विचाराल तर पोरांचेच बरोबर होते. तटावर गुडघा टेकून नेम धरणारी जी जागा हेटकऱ्याची, ती दीर्घकाळ रिकामी होती. ती या हिरव्या परदेशी वळणाच्या शिपायाने, कोणाच्याही हुकमावाचून, भरून काढली.

अलीकडे प्लास्टिकचेच रंगीत मावळे मिळतात, रेझिनचे मिळतात, आणि संगणकावर आकृती रचून यंत्रावर थरांनी छापलेलेही मिळतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यावर विशिष्ट गडाची हुबेहूब प्रतिकृती करण्याच्या स्पर्धांना आणखी चढ आला आहे. त्यांतून मोठी माणसे शिरली, नकाशे आले, प्रमाणही आले. ५४ मिलिमीटरचा मावळा हाती घेऊन चोळणा मांडीपर्यंत आखूड ठेवणारे, बंडी कोऱ्या कापडाच्या मळकट रंगाची रंगवणारे तरुण रंगारी आता आहेत, आणि ग्रँट डफ वाचल्यावाचून ते कुंचला उचलीत नाहीत. त्यांचे काम उत्तम आहे; पोरे त्याला हात लावू शकत नाहीत एवढाच त्याचा दोष.

चाळी मात्र पडत चालल्या आहेत, आणि टॉवरच्या वाहनतळात बारदान पसरू देत नाहीत. ज्या घरांत किल्ला अद्याप होतो तेथे चित्रांचे खोके माळ्यावर असते. दिवाळीनंतर गडाची माती जाते, पण फौज मोडीत काढीत नाहीत. पुढील वर्षी जेवढे जायबंदी असतील तेवढेच नवे घेतात. म्हणून एकाच खोक्यात आजोबांच्या वेळचा पोटाखाली झुडूप असलेला शाडूचा घोडा, मनगट गेलेला प्लास्टरचा चोपदार आणि रायफलवाला हिरवा शिपाई वर्तमानपत्राच्या कागदात एकत्र निघतात. मांडणीच्या वेळी हिरव्यांना बाहेरच्या तटावर धाडतात, कारण परतीचा पाऊस आला तरी त्यांचे काही बिघडत नाही. शाडूची मंडळी सदरेच्या पत्र्याखाली बसतात.